तिजोरीच्या दोन किल्ल्या

बँकेची तिजोरी एकट्या माणसाला कधीच उघडता येत नाही. एक किल्ली हेड कॅशियरकडे असते, दुसरी अधिकाऱ्याकडे. सकाळी दोघेही आले, दोन्ही किल्ल्या लागल्या, की मगच दार उघडते. नोकरीला लागलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात हा नियम शिकवला जातो आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत तो सुटत नाही. दोन्ही किल्ल्या एकाच्याच हाती गेल्या की घोटाळ्याला वाट मोकळी झाली म्हणून समजा. आणि दोघांचे बिनसले, तर बाहेर ग्राहकांची रांग ताटकळत उभी.

देशाच्या तिजोरीलाही अशाच दोन किल्ल्या असतात. एक राजकारणाची, दुसरी अर्थकारणाची. जनतेला काय हवे आहे हे पहिली सांगते, ते परवडते का हे दुसरी. आपल्याकडे म्हणतातच, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. एका मराठी माणसाने उभ्या आयुष्यात ही दुसरी किल्ली फार निगुतीने सांभाळली आणि एके दिवशी ती शांतपणे टेबलावर ठेवून तो निघून गेला. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर सही करणारा हा पहिला भारतीय. नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. लोक त्यांना सी. डी. म्हणत. त्यांच्या नोकरीची पहिली वीस वर्षे आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात गेली, हे मात्र आज नागपुरातही फार थोड्यांना ठाऊक असते.

रोह्याचा मुलगा

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, म्हणजे ऐन संक्रांतीच्या दिवसांतला. गाव नाते, रायगड किल्ल्याच्या परिसरातले. बालपण रोह्याला गेले. वडील द्वारकानाथ वकील होते. घर खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हे. मुलगा अभ्यासात असा की १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यानेच पटकावली. त्या काळी ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलाकडे सारे गाव कौतुकाने पाहत असे.

पुढे केंब्रिजला जीझस कॉलेजात गेले, ते वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकायला. १९१७ साली पदवी घेताना वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही मिळवले. अर्थशास्त्र हा त्यांचा विषयच नव्हता, ही यातली गंमत. ज्या माणसाने पुढे देशाचे सहा-सात अर्थसंकल्प मांडले, त्याने विद्यार्थिदशेत पाने, फुले आणि खडक यांचा अभ्यास केला होता. १९१८ साली लंडनला आय.सी.एस.ची परीक्षा झाली. तिच्यातही पहिला क्रमांक देशमुखांचाच.

त्याच सुमारास लोकमान्य टिळक इंग्लंडमध्ये होते. साहेबाची नोकरी करावी की देशकार्यात उडी घ्यावी, हा प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येक हुशार मुलापुढे होता. देशमुखांनी तो टिळकांपुढे मांडला आणि नोकरीत राहून कारभाराचा अनुभव घे, स्वराज्य आल्यावर त्याची गरज लागेल, असा सल्ला टिळकांनी दिला, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. पुढच्या साऱ्या आयुष्याकडे पाहिले तर हा सल्ला त्यांनी अक्षरशः पाळला असेच म्हणावे लागेल.

नागपूरची वीस वर्षे

नेमणूक झाली मध्यप्रांत आणि वऱ्हाडात. त्या वेळी नागपूर ही या अवाढव्य प्रांताची राजधानी होती. देशमुखांनी जिल्ह्यांत कामे केली, रायपूरकडे जमीन महसुलाची बंदोबस्ताची मोजणी सांभाळली, मग नागपूरच्या सचिवालयात महसूल आणि अर्थ खात्याचे सचिव झाले. बंदोबस्ताचे काम म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यांना सांगायला नको. गावोगाव तंबू ठोकायचा, जमिनीची प्रत पाहायची, पिकाचा अंदाज घ्यायचा आणि पुढची कित्येक वर्षे शेतकऱ्याने किती सारा भरायचा ते ठरवायचे. अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडताही हिशेब शिकवणारी ती शाळा होती.

आणि या शाळेत असतानाच जगभर मंदी आली. १९२९ साली अमेरिकेत शेअर बाजार कोसळला आणि बघता बघता वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचा भाव निम्म्यावर आला. हिंगण्याच्या, काटोलच्या, यवतमाळच्या शेतकऱ्याने न्यूयॉर्कचे नावही ऐकले नसेल. पण त्याचा सारा आणि सावकाराचे व्याज रोख रुपयांत ठरलेले होते. भाव निम्मा झाला म्हणजे तोच सारा भरायला दुप्पट कापूस विकावा लागायचा. कर्जे फिटेनात, जमिनी सावकाराकडे जाऊ लागल्या. अखेर १९३३ साली मध्यप्रांत सरकारला कर्जतडजोडीचा कायदा करावा लागला. सावकार आणि कुळ यांना समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम कमी करून घेणारा हा कायदा देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. बाजारात जे घडते ते शेवटी कायदेमंडळात येऊन बसते, याचे हे घरचे उदाहरण.

१९३१ साली देशमुख रजेवर इंग्लंडला गेले होते. तिथे दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिव मंडळात त्यांना काम मिळाले. गांधीजी ज्या परिषदेला गेले, तीच ही परिषद. ती सुरू असतानाच २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने पौंडाचे सोन्याशी असलेले नाते तोडले. रुपयाचे काय करायचे, हेही लंडननेच ठरवले. एका रुपयाला दीड शिलिंग या दराने रुपया पौंडाला बांधून टाकला. सोने महागले आणि मंदीने पिचलेल्या भारतीय घरांतून पाटल्या, गोठ, पुतळ्या बाजारात आल्या. पुढची काही वर्षे कोट्यवधी रुपयांचे सोने जहाजांत भरून विलायतेला गेले. एकीकडे परिषदेत स्वराज्यावर भाषणे चालू आणि दुसरीकडे रुपयाचा निर्णय आपल्याला न विचारता होऊन गेलेला. ज्याच्या हाती चलन, त्याच्या हाती राज्य, हे शिकायला याहून मोठा धडा कोणता असणार?

नागपूरला परतल्यावर देशमुखांनी एक निवेदन तयार केले. १९३५ च्या कायद्यानंतर केंद्र आणि प्रांत यांच्यात उत्पन्नाची वाटणी कशी करावी, हे ठरवायला सर ऑटो निमायर यांना नेमले होते. मध्यप्रांताची बाजू देशमुखांनी इतकी नेमकी मांडली की निमायर यांच्या लक्षात हा अधिकारी राहिला. आपला प्रांत गरीब, त्यातच वऱ्हाडच्या कापसाचे उत्पन्न आणि बाकीच्या जिल्ह्यांचा खर्च हा जुना वाद. कोणाच्या पैशावर कोणाचा संसार चालतो, हा प्रश्न देशमुखांनी नागपूरच्या सचिवालयात रोज हाताळला. दिल्लीत पुढे त्यांना हाच प्रश्न साऱ्या देशाच्या आकारात भेटणार होता.

महागाईच्या काळातला गव्हर्नर

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक अवघी चार वर्षांची होती. आधी सचिव, मग १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले आणि ऑगस्टमध्ये त्या खुर्चीवर देशमुखांची नेमणूक झाली. वय ४७. ज्या खुर्चीवर तोवर इंग्रजच बसत आले, तिच्यावर रोह्याचा मुलगा बसला.

वेळ मात्र अतिशय वाईट होती. महायुद्ध ऐन भरात, बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मरत होती. महागाईचे मूळ एका साध्या व्यवस्थेत होते. इंग्लंड युद्धासाठी भारतात कापड, धान्य, ताग, चामडे, जे मिळेल ते खरेदी करी. त्याचे पैसे मात्र लंडनमध्ये भारताच्या नावे पौंडांत मांडून ठेवले जात. कायद्याने त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँकेने इथे रुपये छापायचे. म्हणजे वाण्याने माल द्यायचा, गिऱ्हाईकाने वहीत उधारी लिहायची आणि त्या उधारीच्या जोरावर वाण्याने स्वतःच्याच घरात नोटा वाटायच्या. १९३९ साली चलनात सुमारे १८० कोटींच्या नोटा होत्या, युद्ध संपताना त्या १,१०० कोटींच्या वर गेल्या. माल कमी आणि नोटा सहापट, मग भाव चढणार नाहीत तर काय!

लंडनच्या वहीत भारताची बाकी तोवर सुमारे १३० कोटी पौंडांवर पोचली होती. कालचा ऋणको धनको झाला, पण तो गुलाम धनको होता. ही रक्कम कशी आणि केव्हा मिळणार, हाच पुढच्या चार-पाच वर्षांचा सगळ्यात मोठा प्रश्न.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. युद्धानंतरच्या जगाची पैशाची घडी बसवायला आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म तिथे झाला. भारत स्वतंत्र नव्हता, तरी त्याचे शिष्टमंडळ होते. प्रमुख व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थ सदस्य सर जेरेमी रेझमन, बरोबर देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ अशी मंडळी. त्यांनी दोन मागण्या धरून ठेवल्या. लंडनमध्ये अडकलेल्या पौंडांचा काही भाग नाणेनिधीमार्फत मोकळा करावा, आणि नव्या संस्थांच्या उद्दिष्टांत मागासलेल्या देशांच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख असावा. पहिली मागणी इंग्लंड-अमेरिकेने फेटाळली. हा आमचा आणि भारताचा आपसातला मामला आहे, तो आम्ही इमानाने मिटवू, अशी भूमिका केन्स यांनी घेतली. भारताला नाणेनिधीत ४० कोटी डॉलरचा हिस्सा मिळाला. पुढे रशिया या संस्थेत आलाच नाही, म्हणून भारत पहिल्या पाचांत जाऊन बसला आणि संचालक मंडळावर त्याला हक्काची जागा मिळाली. अर्थकारणाच्या खोलीत राजकारण कसे न बोलावता येते ते पाहा. मॉस्कोने नकार दिला आणि दिल्लीला खुर्ची मिळाली.

१२ जानेवारी १९४६ रोजी सरकारने ५०० रुपये आणि त्यावरच्या नोटा रद्द केल्या. काळा पैसा बाहेर काढायचा हा हेतू. रिझर्व्ह बँकेला हा उपाय फारसा पसंत नव्हता. मिळाले तर फार तर दहाएक कोटी मिळतील, त्यासाठी एवढी उलथापालथ करावी का, असा बँकेचा हिशेब होता. झालेही तसेच. रद्द केलेल्या सुमारे १४३ कोटींच्या नोटांपैकी जवळपास १३५ कोटींच्या परत आल्या. १९७८ आणि २०१६ मध्ये पुन्हा नोटा रद्द झाल्या तेव्हा हा जुना आकडा आठवणारे फारसे कोणी नव्हते.

एक बँक, दोन देश

१९४७ साली देशाची फाळणी झाली. जमिनीची, सैन्याची, रेल्वेच्या डब्यांची, कचेरीतल्या टेबलखुर्च्यांची वाटणी झाली. पण मध्यवर्ती बँक एका रात्रीत कशी वाटणार? ठरले असे की काही काळ रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचा कारभार पाहायचा. पाकिस्तानात चालणाऱ्या नोटांवर त्या सरकारचे नाव छापले जाऊ लागले. दोन देश काश्मीरमध्ये एकमेकांशी लढत होते आणि दोघांचाही खजिना मुंबईतला एक मराठी माणूस सांभाळत होता!

वाटणीच्या ७५ कोटींपैकी २० कोटी पाकिस्तानला आधीच दिले होते. उरलेले ५५ कोटी भारत सरकारने लढाई सुरू असल्यामुळे रोखून धरले. मग गांधीजींचे उपोषण झाले, जानेवारी १९४८ च्या मध्यावर रक्कम मोकळी झाली. त्या दिवसांत रिझर्व्ह बँक भारत सरकारच्या दबावाखाली वागते, असा आरोप पाकिस्तानातून होत होता. दोघांचा मुनीम होणे किती कठीण! अखेर ठरल्यापेक्षा आधीच, ३० जून १९४८ ला, हा संयुक्त संसार संपला आणि दुसऱ्या दिवशी पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक सुरू झाली. १ जानेवारी १९४९ पासून आपली रिझर्व्ह बँकही भागधारकांची न राहता सरकारी मालकीची झाली. सहा महिन्यांनी देशमुख गव्हर्नरपदावरून उतरले.

अर्थमंत्री

पंडित नेहरूंनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. आधी अमेरिका आणि युरोपात आर्थिक दूत म्हणून पाठवले. मुख्य काम होते गहू मिळवण्याचे. देशात धान्याची टंचाई होती आणि अमेरिकेची कोठारे भरलेली. पण कोरिया आणि चीन या प्रश्नांवर नेहरू अमेरिकेच्या सुरात सूर मिसळायला तयार नव्हते, म्हणून गव्हाची चर्चा लांबत गेली. शेवटी १९५१ च्या जूनमध्ये अमेरिकेने १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा कायदा केला. आपल्या रेशनच्या दुकानात गहू कधी येणार, हे सोल आणि पेकिंगवरून ठरत होते.

१९५० साली नियोजन आयोग स्थापन झाला. अर्थमंत्री जॉन मथाई यांना हा आयोग मंत्रिमंडळाहून वरचढ होईल असे वाटले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी देशमुख आले. राजकारणात कधी नसलेला, सभा न गाजवलेला, तुरुंगात न गेलेला माणूस स्वतंत्र भारताचा अर्थमंत्री झाला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले.

त्यांच्या काळात पहिली पंचवार्षिक योजना पार पडली. मूळ आराखडा सुमारे २,०६९ कोटींचा. श्रीमंतांच्या वारशावर कर बसवणारा कायदा १९५३ चा. पण माझ्यासारख्या बँकवाल्याला त्यांचे एक काम सर्वांत मोठे वाटते. रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी करवली होती. गोरवाला समितीने १९५४ साली तिचा अहवाल दिला, समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. शेतकरी जे कर्ज काढतो त्यातले शंभरातले जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांकडून येतात आणि सत्तरच्या आसपास सावकारांकडून, असे त्या पाहणीत निघाले. त्यातून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचे बंधन कायद्याने आले, त्याही शहरांत गर्दी करून नव्हे, तर जिथे बँक पोचली नव्हती अशा ठिकाणी. तालुक्याच्या गावात कौलारू घर भाड्याने घेऊन, भिंतीत तिजोरी बसवून ज्या पिढीने बँका उघडल्या तिचा रस्ता इथून सुरू झाला. आम्ही त्या रस्त्यावर पुष्कळ उशिरा आलो, पण आलो त्याच रस्त्याने.

जानेवारी १९५६

आता त्या विलक्षण आठवड्याकडे येऊ. भाषावार प्रांतरचनेच्या आयोगाने १९५५ च्या सप्टेंबर अखेरीस अहवाल दिला होता. तेलुगू, कन्नड, मल्याळी लोकांना त्यांची राज्ये मिळणार होती. मराठी माणसाला मात्र मुंबईसह राज्य नाही. कारण उघड होते. मुंबई ही देशाची पेढी. गिरण्या, बँका, बंदर, शेअर बाजार सारे तिथे. भांडवल मुख्यतः गुजराती, पारशी, मारवाडी हातांत, आणि गिरणीत राबणारे हात कोकण-घाटावरचे. शहर कोणाचे? ज्याचा पैसा त्याचे, की ज्याचा घाम त्याचे? सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांसारखे उद्योगपती मुंबई वेगळी ठेवा म्हणत होते. भाषेच्या नावाने चाललेला हा वाद आतून मालमत्तेचा होता.

१६ जानेवारीला नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे सांगितले. मुंबई पेटली. मोरारजी देसाईंच्या सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. आणि त्याच आठवड्यात, १९ जानेवारीच्या रात्री, आकाशवाणीवर दुसरा आवाज आला तो अर्थमंत्री देशमुखांचा. आयुर्विम्याचे व्यवस्थापन सरकार ताब्यात घेत असल्याची घोषणा त्यांनी केली. देशी-परदेशी मिळून २४५ विमा संस्था होत्या. बेत इतका गुप्त ठेवला होता की कंपन्यांना पैसे इकडचे तिकडे करायला रात्रसुद्धा मिळाली नाही. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. आज घराघरांत कपाटाच्या खणात जी पॉलिसी जपून ठेवलेली असते तिचा उगम त्या रात्रीत आहे.

एका हाताने सामान्य कुटुंबाची बचत सुरक्षित करणारा हा माणूस, दुसरीकडे आपल्याच सरकारच्या गोळ्यांनी आपल्याच मतदारांची पोरे पडताना पाहत होता. राजीनाम्याची तयारी त्यांनी जानेवारीतच दाखवली होती. नेहरूंनी थांबवले, ते थांबले. दुसरी योजना तोंडावर होती, वाट निघेल अशी आशाही असावी. पण गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत मुक्कामी असताना मुंबई केंद्रशासित राहील असे पुन्हा जाहीर करून टाकले. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चेला न येता कसा जाहीर होतो, हा देशमुखांचा सवाल होता. जुलै १९५६ च्या अखेरच्या आठवड्यात ते अर्थमंत्रिपदावरून पायउतार झाले आणि लोकसभेत उभे राहून त्यांनी कारणे सांगितली. भाषण तिखट होते, पण आवाज चढलेला नव्हता. नेहरूंनी त्यांचे आरोप मान्य केले नाहीत. दोघांचे एकमेकांविषयीचे मत मात्र पूर्ण वाईट कधीच झाले नाही.

आंदोलनात पुढे एकशे पाचहून अधिक हुतात्मे झाले. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० ला आला. देशमुखांच्या राजीनाम्याने राज्य मिळाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ते लोकांनी मिळवले. पण दिल्लीतला सर्वांत जाणता मराठी माणूस, तोही आय.सी.एस.च्या शिस्तीत वाढलेला, खुर्ची सोडतो तेव्हा मागणी केवळ भावनेची नाही, एवढे देशाला कळले.

आणि आपले नागपूर?

या गोष्टीला नागपूरकरांच्या दृष्टीने एक दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले होते. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५५ साली लिहिलेल्या पुस्तिकेत महाराष्ट्राचे एक नव्हे तर चार भाग करावेत असे मांडले होते, आणि बाबासाहेब तर रुपयावर प्रबंध लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ. दोन मोठे मराठी अर्थज्ञ, आणि प्रश्न एकच असताना वाटा वेगळ्या. त्याअर्थी आकड्यांवरून सगळी उत्तरे निघत नाहीत. शेवटी कोणाबरोबर राहायचे हे माणसे ठरवतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरची राजधानी गेली. ज्या सचिवालयात देशमुखांनी प्रांताचे अंदाजपत्रक मांडले, तिथला दिवा मंदावला. कारकून, अधिकारी, वकील यांच्या संसारांची पांगापांग झाली, कोणी भोपाळला, कोणी मुंबईला. १९५३ च्या नागपूर कराराने खर्चाचा रास्त वाटा आणि वर्षातून एक विधिमंडळ अधिवेशन यांचे आश्वासन दिले होते. अधिवेशन होत राहिले, वाट्याचा वाद मात्र मिटला नाही. १९८४ साली दांडेकर समितीने अनुशेष मोजला, १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली, २०२० साली त्यांची मुदतही संपली.

पण जमेची बाजूही लिहिली पाहिजे. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि हिंगण्याच्या वाटेवरची कापसाची शेते कारखान्यांच्या भूखंडांत बदलली. ट्रॅक्टरपासून लोखंडी सुट्या भागांपर्यंत माल तिथे बनू लागला. गावातल्या पोराला सावकाराऐवजी पगाराच्या दिवसाची वाट पाहता आली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदला पुरला का, हा प्रश्न हिंगण्यातल्या जुन्या घरांत आजही निघतो. एकाच निर्णयाने एकाचे घर उभे राहते आणि दुसऱ्याची विहीर जाते. राजकारण आणि अर्थकारण यांचे लग्न झाल्यावर असे संसार घरोघर दिसतात.

पुढची वर्षे

मंत्रिपद सोडलेला माणूस सहसा कडवट होतो. देशमुख कामाला लागले. १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांच्याच धडपडीतून उभे राहिले. १९५९ साली मॅगसेसे पुरस्कार, १९७५ साली पद्मविभूषण. पहिल्या पत्नी रोझिना १९४९ साली वारल्या होत्या. १९५३ च्या जानेवारीत त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केले. दुर्गाबाई आंध्रच्या, स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीच्या सदस्य, नियोजन आयोगावरही होत्या. रुपये-पैशांच्या या माणसाने कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले आणि स्वतः संस्कृतात कविता केल्या, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. शंकरशेठ शिष्यवृत्तीचा मुलगा शेवटपर्यंत त्यांच्यात जागा होता.

१९६९ साली ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा पाठिंबा होता. त्याच जुलैत इंदिरा गांधींनी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले होते आणि काँग्रेस फुटण्याच्या बेतात होती. लढत गिरी आणि संजीव रेड्डी यांच्यातच झाली, देशमुख तिसरे आले. इंपीरियल बँक आणि विमा सरकारी करणाऱ्या माणसाला, राष्ट्रीयीकरणाच्या त्या लाटेत खाजगी व्यापाराचा कैवार घेणाऱ्या पक्षाने उमेदवार केले होते! यावरून कोणी त्यांना दुटप्पी म्हणेल. मला वाटते, ते कोणत्याच झेंड्याखालचे नव्हते. प्रत्येक प्रश्नाचा हिशेब ते वेगळा मांडत.

दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, हैदराबादला चिंतामणरावांनीही डोळे मिटले.

जगभर नजर टाकली तर दोन किल्ल्यांचे भान सुटल्याची उदाहरणे कमी नाहीत. १९२३ साली जर्मनीने बेसुमार नोटा छापल्या आणि मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत पावाच्या तुकड्याइतकी उरली. त्या रागातून पुढे काय उगवले ते सर्वांना माहीत आहे. शेजारच्या श्रीलंकेत २०१९ साली कर कमी करून टाळ्या मिळवल्या, २०२१ साली रासायनिक खतावर बंदी घातली, आणि २०२२ साली परकीय कर्ज फेडता येत नाही म्हणून सरकारने हात वर केले. लोक राष्ट्रपतींच्या वाड्यात शिरले. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात लावली. त्याच महिन्यात गिरण्यांच्या सोयीसाठी दिल्लीने कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क काही महिन्यांपुरते उठवले. हिंगण्याच्या शेतकऱ्याने वेचणीच्या तोंडावर ती बातमी वाचली. १९३० साली त्याच्या आजोबांना जे वर्तमानपत्रातून कळत नव्हते, ते नातवाला मोबाइलवर त्याच दिवशी कळले, एवढाच फरक.

म्हणून अंदाजपत्रकाच्या दिवशी टीव्हीवर काय स्वस्त, काय महाग याची यादी लागली की घरातल्या मुलांना जवळ बसवावे. हा पैसा येतो कुठून, कोणाच्या खिशातून, आणि हे ठरवताना कोणाला विचारले होते, हे तीन प्रश्न त्यांना विचारायला शिकवावे. लोकसभेतल्या त्या जुलैच्या दिवशी चिंतामणरावांनी शेवटचा प्रश्न विचारला होता, आणि तो विचारण्यासाठी देशाच्या अर्थमंत्र्याची खुर्ची सोडली होती.